वजनाची वही

२०२४च्या मे महिन्यात, महाविद्यालयाच्या सुट्टीत, मी धाकट्या बहिणीकडे न्यू जर्सीला गेले, तेव्हा तिथे माझ्या वाट्याला जे काम आले त्याची पूर्वतयारी मराठी साहित्याच्या अठरा वर्षांच्या अध्यापनाने मुळीच करून घेतलेली नव्हती. भाचीने पाळलेल्या चिंचिलाला पहिल्यांदा डॉक्टरांकडे न्यायचे होते. भाची चौदा वर्षांची. शाळेचे वर्ष संपत आलेले, परीक्षा तोंडावर. बहीण आणि तिचा नवरा सकाळी घराबाहेर पडत ते संध्याकाळी दिवेलागणीला परतत. दिवसभर घरात मी, आणि दिवसभर झोपणारा तो. साहजिकच काम माझ्याकडे आले.

चिंचिला हा शब्द मी सेहेचाळिसाव्या वर्षी प्रथम नीट ऐकला. आधी वाटले, चिंचेच्या एखाद्या पदार्थाचे नाव असावे. (सातारहून फोनवर नणंदेनेही तेच विचारले, तेव्हा हा भ्रम माझा एकटीचा नाही हे कळून बरे वाटले.) प्रत्यक्षात हा कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी एक. आकार लहानशा सशाएवढा, शेपूट खारीसारखी, कान मोठे, गोल आणि इतके पातळ की उजेडाकडे धरले तर आतल्या शिरा दिसाव्यात. रंग चुलीतल्या राखेचा. भाचीने त्याचे नाव 'पेबल' ठेवले होते, म्हणजे गारगोटी. बहीण रागावली की त्याला 'पेबल्या' म्हणे. त्या एका 'या'कारामुळे तो आमच्या घरातला झाला होता.

त्याचे मूळ घर चिली देशातल्या अँडीज पर्वताचे कोरडे, थंड, खडकाळ उतार. तिथल्या थंडीसाठी निसर्गाने त्याला असे केस दिले की एकेका मुळातून साठाच्या आसपास केस उगवतात. हात फिरवला तर आपण कशाला स्पर्श केला की नुसत्या उबेला, असा प्रश्न पडतो. त्यात पाणी शिरले तर लवकर वाळत नाही, म्हणून हा प्राणी पाण्याने आंघोळ करत नाही. ज्वालामुखीच्या राखेसारख्या बारीक मातीत लोळतो आणि स्वच्छ होऊन बाहेर येतो. याच केसांनी त्याचा घातही केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची लाखो कातडी युरोप-अमेरिकेतल्या श्रीमंत अंगांवर चढली. १९१० साली चिली, बोलिव्हिया, पेरू आणि अर्जेंटिना यांनी मिळून शिकारबंदीचा करार केला तेव्हा फार थोडे उरले होते. आजही रानातला चिंचिला नामशेष होण्याच्या वाटेवर आहे आणि घराघरांतला मात्र सुखाने गवत खातो आहे.

हे घरातले आले कुठून, तेही सांगण्यासारखे आहे. मॅथायस चॅपमन नावाचा एक अमेरिकन खाणअभियंता चिलीत काम करत होता. त्याने माणसे लावून जवळजवळ तीन वर्षे डोंगर पिंजून काढले, तेव्हा मनासारखे अकरा प्राणी हाती लागले. ते उंचावरून एकदम खाली आणले तर उष्म्याने मरतील, म्हणून त्याने त्यांना टप्प्याटप्प्याने, मुक्काम करत करत खाली उतरवले आणि पुढच्या समुद्रप्रवासात पिंजऱ्यांना बर्फाचा गारवा दिला. १९२३ साली ते कॅलिफोर्नियात पोहोचले. हेतू अर्थात कातड्याचाच होता. त्याला उगाच भूतदयेचा मुलामा देण्यात अर्थ नाही. पण अमेरिकेतले बहुतेक पाळीव चिंचिला त्या अकरांचे वंशज मानले जातात. पेबलला चाळीस मैलांवरच्या दवाखान्यात न्यायचे म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सारखा हा चॅपमन येत असे. त्याला अँडीज उतरायचा होता, मला जूनमधला महामार्ग पार करायचा होता, आणि दोघांची चिंता एकच होती. सत्तावीस अंश सेल्सियसच्या वर पारा गेला की हा जीव धोक्यात येतो. त्याला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्यापाशी मुख्यतः ते दोन पातळ कान आहेत.

पण सुरुवातीला माझी अडचण वेगळीच होती. मला हे जाणेच समजत नव्हते. पेबलला काही झालेले नव्हते. भाचीच्या मैत्रिणीचे कुटुंब दुसऱ्या राज्यात गेले, तेव्हा जाता जाता त्यांनी तो हिला दिला. तीनेक वर्षांचा असावा. रात्री उड्या मारत होता, लाकडे कुरतडत होता. मग डॉक्टर कशाला? लशी असतील म्हणावे, तर या प्राण्याला नेमाने टोचायच्या लशीच नाहीत. बहीण म्हणाली, "बरा आहे तेव्हाच दाखवायचा असतो, ताई. बरा असताना कसा असतो हे त्यांच्याकडे लिहिलेलं हवं."

हे वाक्य मला चमत्कारिक वाटले. मी ज्या गावात वाढले तिथे गुरांचा दवाखाना होता. दारावर 'पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी-२' अशी पाटी आणि अंगणात लोखंडी खोडा. त्या खोड्यात कधी धडधाकट जनावर उभे राहिलेले मी पाहिले ते फक्त पावसाळ्याच्या तोंडावर, घटसर्प-फऱ्याच्या लशींच्या वेळी. एरवी म्हैस रवंथ करीनाशी झाली, दोन दिवस वैरणीला तोंड लावीनाशी झाली, की मगच तिला तिकडे चालवत न्यायची. आणि माणसांचे म्हणाल तर माणसांचाही नियम तोच होता. 'काही होत नसताना दवाखान्याची पायरी चढू नये' हे आमच्या घरात जवळजवळ सुभाषितासारखे म्हटले जाई.

असो. तयारीला लागले. पहिली गोष्ट म्हणजे डॉक्टर शोधणे. कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर चिंचिला पाहत नाही. त्यासाठी वेगळे जाणते लागतात. असा दवाखाना सापडला तो चाळीस मैलांवर, आणि वेळ मिळाली ती साडेतीन आठवड्यांनंतरची. फोनवरच्या बाईंनी सूचना सांगितल्या, त्या मी वर्गात टिपणे देणाऱ्या सवयीने उलट टिपून घेतल्या. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवू नका. या प्राण्याला उलटी होऊच शकत नाही, आणि त्याचे आतडे थांबले तर ते पुन्हा चालू करणे कठीण असते. रोजचे गवत आणि रोजची पेंड बरोबर आणा. त्या दिवशीच्या ताज्या लेंड्या पिशवीत घालून आणा. पिंजऱ्याचे फोटो आणा. आणि आजपासून वजन करा, रोज, एकाच वेळी, आणि लिहून ठेवा.

वजन करण्यासाठी घरात एकच काटा होता, तो स्वयंपाकघरातला. बहीण म्हणाली, "अगं, त्यावर मी बेसन मोजते!" मी म्हटले, फडके टाकू. संध्याकाळी सात वाजता, तो झोपेतून उठला की, त्याला एका प्लॅस्टिकच्या डब्यात बसवून, डब्याचे वजन वजा करून, आकडा लिहायचा असे ठरले. भाचीच्या जुन्या शाळेच्या वहीची मागची पाने मिळाली. पहिल्या दिवशीचा आकडा होता ५६२ ग्रॅम.

चार-पाच दिवसांत तो आकडा खाली-वर होत राहिला. ५६४, ५६१, ५६३. लघवीचे दोन थेंबही तेवढा फरक पाडतात म्हणे. मला त्या वहीची गंमत वाटू लागली होती. प्रबंधासाठी कार्डे लिहावीत तशी मी त्याखाली बारीक अक्षरात नोंदीही करू लागले: 'आज गवताची पाती खाल्ली, काड्या टाकल्या.' 'कांडी पेंडीतली एक कांडी तोंडात धरली, खाली ठेवली, दुसरी घेतली.' (त्या पेंडीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला शेवटपर्यंत आठवत नसे, आमच्या गोठ्यातली कांडी पेंड आठवे, आणि वस्तू खरोखर तीच आहे.) भाची म्हणे, "मावशी, ही इज पिकी." नखरेल आहे, एवढेच. रात्री तो तिच्या खांद्यावरून कपाटावर आणि कपाटावरून तिच्या डोक्यावर उडी मारी. त्याच्यात काही बिघाड असेल असे कुणालाही वाटले नसते.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी आकडा ५५७ होता. नंतर ५५४. मग ५५६, म्हणून मी निश्चिंत झाले. मग ५४९.

एका संध्याकाळी मी वही घेऊन बसले आणि सगळे आकडे एकाखाली एक पाहिले. रोजच्या रोज पाहताना जे दोन-तीन ग्रॅमचे खाली-वर होते, ते एकत्र पाहिल्यावर सरळ उतरण होती. पुन्हा त्याच्याकडे पाहिले. तो माझ्यासमोर मातीत लोळत होता, तसाच गोल, तसाच फुगीर. केसांचा एवढा डगला अंगावर असल्यावर आत काय चालले आहे ते कुणाला दिसणार? हा मुळात शिकार होणारा प्राणी आहे. वरून ससाणा, खालून कोल्हा. आजारी दिसेल तो आधी मारला जाईल. तेव्हा दुखणे लपवणे हीच त्याची जगण्याची पद्धत. अगदी शेवटापर्यंत तो खातो आहे असे दाखवतो. तोंडाशी घास नेतो, खाली ठेवतो.

इथे मला आईविषयी लिहावे लागेल.

आई शेवटची सहा वर्षे माझ्याकडे होती. २०१९च्या दिवाळीनंतर ती गेली. दुखणे पोटाचे होते आणि कळले तेव्हा डॉक्टरांकडे करण्यासारखे काही उरले नव्हते. तिच्या माघारी तिचे कपाट आवरायला बहीण अमेरिकेहून आली होती. आम्ही दोघींनी मिळून साड्या वेगळ्या केल्या, मग ब्लाउज. ब्लाउजच्या आत, दोन्ही कुशींना, हाताने घातलेले धावदोऱ्याचे टाके होते. एका ब्लाउजला एक ओळ. दुसऱ्याला दोन. जे ती शेवटी शेवटी घालायची त्या किरमिजी ब्लाउजला तीन ओळी होत्या, प्रत्येक आधीच्या ओळीपासून बोटभर आत. ती बारीक होत होती, आणि ते आम्हाला दिसू नये म्हणून रात्री बसून कपडे आत घेत होती. म्हशीच्या कानाला हात लावून ताप ओळखणारी बाई होती ती. रवंथ थांबलेली तिला अंधारात, नुसत्या आवाजावरून कळे. स्वतःचे ताट मात्र ती सगळ्यांच्या शेवटी, ओट्यापाशी उभ्याने उरकी. त्यात किती होते ते मी कधी पाहिले नाही.

बहिणीने तो किरमिजी ब्लाउज बराच वेळ हातात धरला होता. म्हणाली काहीच नाही. पण त्या दिवसापासून आमच्या दोघींमध्ये एक गोष्ट न बोलता राहिली. ती सात समुद्रांपलीकडे; तिला पडद्यावर आईचा चेहरा तेवढा दिसे. मी मात्र त्याच घरात होते, रोज. तिने मला कधी विचारले नाही की तुला कसे दिसले नाही, आणि मीही सांगितले नाही की रोज पाहिले म्हणूनच दिसले नाही. या वाक्याला कबुली म्हणावे की सबब, ते माझे मलाच ठरवता आलेले नाही.

त्या रात्री मी वही बहिणीपुढे ठेवली. तिने बोट फिरवत आकडे वाचले. शेवटच्या आकड्यावर बोट थांबले. "वेळ अलीकडची मिळते का बघते उद्या," म्हणाली. मग वही मिटून, माझ्याकडे न बघता: "तू शेवटची कधी गेली होतीस गं डॉक्टरकडे? काही होत नसताना?" मी म्हटले, "चहा ठेवू का?"

अलीकडची वेळ मिळाली नाही. मात्र 'खाणे थांबले किंवा लेंड्या थांबल्या तर वेळेची वाट पाहू नका, थेट या' असे दवाखान्यातून सांगितले. तेव्हापासून मी सकाळी उठून लेंड्या मोजू लागले. साहित्याच्या प्राध्यापिकेने लेंड्या मोजाव्यात यात हसण्यासारखे काही असेल तर खुशाल हसावे. मला त्या काळात त्यांच्याइतका आश्वासक मजकूर दुसरा नव्हता. आकार बारीक झाला का, टोके निमुळती झाली का, सगळे पाहायचे.

राहिला प्रवास. कापडी पिशवीसारखे वाहक पिंजरे मिळतात, पण ते हा पाच मिनिटांत कुरतडून बाहेर येईल, म्हणून टणक प्लॅस्टिकचा आणला. तो आठवडाभर आधीच त्याच्या खोलीत उघडा ठेवून दिला, आत थोडे गवत आणि मातीची वाटी. तिसऱ्या दिवशी तो आपणहून आत जाऊन झोपला. इथवर सारे ठीक झाले होते. आदल्या संध्याकाळी मला वाटले, एकदा उचलून आत ठेवण्याचा सराव करावा. मी वरून हात घातला. तो दचकला, निसटला, आणि माझ्या मुठीत राखी केसांचा गच्च झुपका राहिला. भाची ओरडली. रक्त नव्हते, पाठीवर रुपयाएवढी गुळगुळीत त्वचा तेवढी उघडी पडली होती. संकट आले की हा प्राणी केस शत्रूच्या हातात सोडून पळतो. केस दोन-चार महिन्यांत भरून येतात. पण त्या मुठीकडे पाहताना मला कळले, की वरून झडप घालणारा हात त्याने लाखो वर्षे ओळखलेला आहे आणि माझ्या हाताला काही वेगळी खूण नाही. मग भाचीने दाखवले: खाली बसायचे, हात जमिनीवर पालथा ठेवायचा, वाट बघायची, तो चढला की दुसरा हात खालून द्यायचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यातला तो दिवस सकाळी नऊलाच तापला होता. बहिणीने रजा घेतली होती. गाडी वीस मिनिटे आधी सुरू करून गार केली. बर्फाच्या दोन पिशव्या पंचात गुंडाळून पिंजऱ्याच्या बाहेरून, एकाच बाजूला लावल्या. गारवा नको झाला तर त्याला दुसऱ्या बाजूला सरकता यावे म्हणून. वरून पातळ चादर. वजन त्या सकाळी ५४१. चाळीस मैल मी चादरीचे टोक उचलून त्याचे कान बघत होते. लाल झाले तर उष्मा लागला असे समजायचे. ते फिकटच राहिले. बहीण गाडी चालवताना दर दहा मिनिटांनी विचारत होती, "कान?" आणि मी सांगत होते, "बरे आहेत." आजी गोठ्यातून ओरडून आईला हेच विचारी.

दवाखान्यात कुत्र्यांपासून वेगळी, शांत खोली होती. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा त्याला हात लावला नाही. वही मागितली. भाचीच्या गणिताच्या मागच्या पानांवरचे माझे देवनागरी आकडे पाहून त्या थबकल्या. मग बहिणीने एकेक वाचून दाखवला आणि त्यांनी तो संगणकात भरला. खालच्या नोंदी मी मराठीतून सांगितल्या, बहिणीने इंग्रजी केल्या. 'काड्या टाकतो' येथे त्यांनी हात वर केला आणि पुन्हा सांगायला लावले.

पटाशीचे दात नारिंगी-पिवळे होते. ते तसेच हवेत. पांढरे असते तर काळजी. जबडा खालून बोटांनी चाचपला. छाती ऐकली. मग दिव्याचे लहान नळकांडे तोंडात घालून दाढा पाहिल्या. या प्राण्याचे विसाच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात आणि काडीसारखे जाड गवत चावून चावूनच झिजतात. पेबलच्या खालच्या एका दाढेला जिभेच्या बाजूला टोक आले होते. काडी चावली की ते जिभेला टोचत असणार. म्हणून मऊ पाती तेवढी. कांडी उचलायची, ठेवायची. आम्ही त्याला नखरा म्हणत होतो.

एक्स-रे काढला. मुळे अजून जबड्यात फारशी उतरलेली नव्हती. थोडी भूल देऊन टोक घासायचे ठरले. हे पूर्ण बरे होणारे नाही, डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितले. दाढ पुन्हा वाढेल, काही महिन्यांनी पुन्हा यावे लागेल, आणि वजन लिहिणे थांबवू नका. आम्ही बाहेर बसलो. दीड तास लागला. बहिणीच्या मांडीवर रिकामा पिंजरा होता आणि ती त्याच्या जाळीत अडकलेले गवत एकेक करून काढत होती. मध्येच म्हणाली, "तीन ओळी होत्या ना गं?"

मी म्हटले, "तीन."

"मला व्हिडिओवर आई कधी उभी दिसलीच नाही," ती म्हणाली. "मी कधी म्हटलंच नाही की उभी राहा, बघू दे."

त्यानंतर पुष्कळ वेळ आम्ही दोघी बोललो, ते इथे लिहिण्याचे कारण नाही. पेबल भुलेतून उठला, चादरीखाली जाऊन बसला, आणि परतीच्या वाटेवर, तिसाव्या मैलाच्या सुमारास, काडी मोडल्याचा आवाज आला. बहिणीने गाडीतले गाणे बंद केले.

मी जूनच्या मध्यावर परतले. वही तिकडेच राहिली. आता बहीण दर रविवारी वजन करते आणि माझ्या फोनवर नुसता आकडा पाठवते, बाकी एक अक्षर नाही. दाढ त्यानंतर तीनदा घासून झाली. गेल्या रविवारी आकडा ५५८ होता. त्याखाली, बऱ्याच दिवसांनी, दोन शब्द होते: 'तू गेलीस?'

मी अजून उत्तर दिलेले नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या आहेत.